मनकर्णा कॉटनचं नाव

वर्ध्यात मेघाने दुकान थाटलं त्या वर्षी आत आलेली निम्मी माणसं चार भिंतींकडे बघून परत जात. विकायला ठेवलेलं काही दिसतच नसे. एक टेबल, एक संगणक, दोन खुर्च्या, टेलिफोन, आणि दारावर पाटी : 'येथे वेबसाईटचे नाव मिळेल.' कुणी विचारी, "पाट्या रंगवता का बाई?" कुणी झेरॉक्स काढायला कागद पुढे करी. मेघा हसून समजावून सांगे. इंटरनेटवर दुकान काढायचं तर आधी त्याला नाव लागतं. ते नाव जगात एकाच माणसाला मिळतं आणि त्याची नोंद वर्षावर्षाला चालू ठेवावी लागते. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीकडून ती अशी नावं ठोकात घेई आणि वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूरकडच्या दुकानदारांना किरकोळीत विके. ह्याला रिसेलर म्हणतात, हे तिने आईला तीनदा सांगून पाहिलं. पण भागीरथाबाई शेजारणींना सांगत, "माही पोरगी रोज वर्ध्याले जाऊन लोकाईले नावं ठेवते." शेजारणी हसत, आणि त्या का हसतात हे भागीरथाबाईंना चांगलंच माहीत असे.

घर सिंदी रेल्वे ह्या गावी होतं. सकाळच्या पॅसेंजरने मेघा वर्ध्याला जाई, संध्याकाळच्या गाडीने परत. वडील हरिदास गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होते. सिंदीतल्या कुठल्या घरातला फोन कुठे लागतो, कोण सणाला कुणाची वाट बघतं, कुणाचा कापूस कुठे अडलाय, हे सगळं त्या माणसाच्या कानावरून गेलं होतं आणि त्यातलं एक अक्षर कधी घरात आलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी मेघाला एक धडा मिळाला. नुसतं नाव विकून भागत नाही. त्या नावाचा पत्ता जगाला सांगत राहणारं एक यंत्र कुठेतरी दिवसरात्र चालू लागतं. कुणी नाव टाइप केलं की ते सांगतं, साईट अमक्या ठिकाणी आहे, टपाल तमक्या ठिकाणी न्या. ह्या सोयीला डीएनएस म्हणतात, आणि ती यंत्रं म्हणजे नेमसर्व्हर. एक पडलं तर दुसऱ्याने सांगावं म्हणून निदान दोन असावेत, असा नियम. मेघाने ओळखीतून मिळालेली नागपूरची एक सेवा घेतली. तिथेही दोन नेमसर्व्हर होते, पण ते एकाच मशीनला दिलेली दोन नावं होती, हे तिला ते मशीन बंद पडल्यावर कळलं. ऐन पेरणीच्या हंगामात अडीच दिवस सगळं ठप्प.

समुद्रपूरचे वासुदेवराव बियाण्याचे दुकानदार. कंपनीकडून येणारी त्यांची सगळी मेल परत गेली. ते एसटीने वर्ध्याला आले, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. रागावले असते तर मेघाला बरं वाटलं असतं.

"बाई, माहं दुकान तं उघडंच होतं," ते म्हणाले. "मंग लोकाईले बंद काऊन दिसलं?"

वासुदेवराव परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले. त्यांनी दुसरीकडे नाव हलवलं नाही, आणि हेच तिला जास्त लागलं. तेव्हापासून चांगली डीएनएस सेवा शोधायची तिने मनाशी घेतली होती, पण रोजच्या कामात ते मागे पडत गेलं.

२००६ च्या ऑक्टोबरात, कापसाचा हंगाम तोंडावर असताना, प्रभाकरराव दुकानात आले. सिंदीला स्टेशनरोडवर त्यांचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. आईच्या नावावरून फर्मचं नाव ठेवलेलं : मनकर्णा कॉटन. मेघा त्यांना लहानपणापासून ओळखे, म्हणजे धोतर-टोपीतला एक कडक माणूस म्हणून दुरून ओळखे. त्यांच्या जिनिंगमध्ये ती कधी गेलेली नव्हती, आणि गावच्या रीतीत ते तिच्या घरी येण्याचा तर प्रश्नच नव्हता.

"तू हरिदासची पोरगी ना," ते बसत म्हणाले. "गावात राहून मले मालूम नाई. कोइमतूरचा व्यापारी फोनवर म्हने, ईमेल सांगा, वेबसाईट सांगा. म्या म्हनलं, आता हे पाह्यजेच का. तं तो म्हने, तुमच्याच गावची एक पोरगी वर्ध्यात हे काम करते."

"कोणतं नाव पाहिजे काकाजी?"

"मनकर्णा कॉटन. दुसरं नाव नको."

मेघाने मुंबईच्या कंपनीच्या पानावर, रिसेलरांसाठी दिलेल्या चौकटीत ते नाव टाकलं. लाईन त्या दिवशी मंद होती. बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि मग हिरवी अक्षरं आली.

"मोकळं आहे," ती म्हणाली.

"पक्कं?"

"पक्कं."

प्रभाकररावांनी फॉर्म भरून सही केली. उठताना त्यांनी पाटीकडे, संगणकाकडे, मग मेघाकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं होतं असं वाटलं, पण ते "येतो" एवढंच म्हणून पायऱ्या उतरले.

दुपारी ती नाव नोंदवायला बसली आणि नोंदणी अडली. नाव आधीच कुणाचं तरी आहे, असा निरोप आला. तिने पुन्हा तपासलं. चौकट अजूनही म्हणत होती, मोकळं आहे.

मग तिने त्या चौकटीचीच परीक्षा घेतली. आपण स्वतः विकलेली दहा नावं एकेक करून टाकली. त्यातली तीन मोकळी दाखवली, त्यात वासुदेवरावांचंही होतं. हळूहळू तिच्या लक्षात आलं की लाईन मंद असली, वेळेत उत्तर आलं नाही, की ती चौकट नाव मोकळं आहे असं धरून चालते. वर्षभर आपण हिच्या भरवशावर लोकांना 'पक्कं' म्हणत आलो, ह्या विचाराने तिचे कान गरम झाले.

खात्रीची जागा एकच होती. डॉट कॉमची सगळी नावं जिथे नोंदली जातात त्या मुख्य वहीलाच विचारायचं. ह्या विचारण्याला हूइज म्हणतात. ते टूल दिसायला अगदी ओबडधोबड, काळ्यावर पांढरी अक्षरं. तिथे नोंद निघाली : नोव्हेंबर २००० मध्ये घेतलेलं, मुदत पुढच्या वर्षापर्यंत, मध्ये एकदाही खंड नाही. मालकाचं नाव त्या वहीत नसतं, ते ज्या कंपनीकडे नोंदणी झाली तिच्याकडे असतं. मेघाने तिथे विचारलं.

मालकाच्या रकान्यात लिहिलं होतं : भूपेंद्र प्रभाकर. पत्ता : मनकर्णा जिनिंग, स्टेशनरोड, सिंदी रेल्वे.

भूपेंद्रची गोष्ट सिंदीत सगळ्यांना माहीत होती. प्रभाकररावांचा एकुलता मुलगा, कापडाच्या इंजिनिअरिंगचं शिकून आलेला. त्याने गावात कुणी इंटरनेट पाहिलं नव्हतं तेव्हा जिनिंगची वेबसाईट काढली आणि तिच्यावर प्रत्येक गाठीचा ओलावा किती, कचरा किती, हे खरंखुरं मोजून लिहायला सुरुवात केली. एका गिऱ्हाइकाने ते आकडे वाचून ट्रकभर गाठी परत पाठवल्या. प्रभाकररावांनी भर जिनिंगमध्ये, हमालांसमोर, त्याच्या थोबाडीत मारली. सव्वीस वर्षांचा मुलगा. तो त्याच दिवशी घर सोडून गेला, आणि ती वेबसाईटही बंद पडली. कुठे गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. आई मंदाबाई दोन वर्षं स्टेशनवर जाऊन बसत, मग त्यांनी तेही सोडलं.

आणि भूपेंद्र तेव्हापासून दरवर्षी ते नाव चालू ठेवत आला होता, तेही बापाच्या पत्त्यावर.

संध्याकाळी घरी हरिदास अंगणात खाटेवर बसले होते. मेघाने कागदावर उतरवून आणलेली नोंद त्यांच्या हातात दिली आणि काय झालं ते सांगितलं. हरिदासांनी कागद लांब धरला. पत्ता वाचला, आणि फोनच्या आकड्यांवर त्यांचं बोट थांबलं.

"शून्य दोन तीन शून्य," ते म्हणाले. "इचलकरंजी."

"पाठ आहे तुम्हाले?"

"एकतीस वर्षं तेच तं केलं." त्यांनी पुन्हा पत्ता वाचला. "पत्ता सिंदीचा ठेवला आनि फोन आपला दिला. म्हंजे सापडू नये असं त्याले वाटत नसंल."

"मग सांगून देऊ काकाजीले? हे तर कुणालाही पाहता येतं. चोरी नाही."

हरिदासांनी कागदाची घडी घातली आणि परत तिच्या हातात दिली. "मी बोर्डावर बसलो का, दोन मानसाईच्या मधात असो. इकडचं तिकडं पोचवाचं, पन ज्याचं त्यानं सांगितलं तं. ह्या पोराले आधी विचार. बाप आलता म्हना, नाव मांगून राह्यला म्हना. मंग तो म्हनंल तसं."

"आणि काकाजी विचारायला आले तर?"

"तं खोटं बोलू नको. पन समदं बोललंच पाह्यजे असं थोडी आहे."

दुसऱ्या दिवशी मेघाने नोंदीतल्या ईमेलच्या पत्त्यावर मेल लिहिली. चार ओळी लिहायला तिला अर्धी सकाळ लागली. आपण कोण, प्रभाकरराव नावासाठी आले होते, त्यांना आपण अजून काही सांगितलेलं नाही, एवढंच. शेवटी, नको नको म्हणताना, एक ओळ घातली : काका-काकूंच्या तब्येती बऱ्या आहेत.

चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी उत्तर आलं, रोमन अक्षरांत मराठी.

'मेघाताई, हरिदासकाकांची मुलगी म्हणजे तुम्ही मला आठवता, सायकलवर शाळेत जायच्या. नाव बाबांना देऊन टाका. हलवायला लागणारा कोड सोबत देतो. मला काही नको. फक्त ते माझ्याजवळ होतं हे त्यांना सांगू नका. त्यांना वाटेल मी उपकार करून राह्यलो. शेवटची ओळ लिहिल्याबद्दल आभार. ती मी दोनदा वाचली.'

खाली कोड होता, आठ-दहा अक्षरांचा. तो टाकला की काम झालं. मेघाने दिवसभर टाकला नाही. असं का, हे तिला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. नाव एकदा हललं की ह्या दोघांमध्ये उरलेलं एवढंसं काही होतं, तेही संपणार होतं, आणि ते संपवणारा हात तिचा असणार होता.

प्रभाकररावांना तिने निरोप धाडला तेव्हा ते मंदाबाईंना घेऊन आले. मंदाबाईंना डोळे दाखवायला सेवाग्रामच्या दवाखान्यात आणलं होतं, जाताजाता इकडे वळले. त्या दाराजवळच्या खुर्चीवर पदर सावरून बसल्या.

"काकाजी, माझी चूक झाली," मेघा म्हणाली. "मी पक्कं म्हटलं होतं, पण ज्याच्यावर पाहून म्हटलं तेच टूल चुकीचं सांगून राह्यलं होतं. नाव आधीच घेतलेलं आहे. आता मी ते टूल सोडलं. यापुढे मुख्य नोंद पाहिल्याशिवाय कुणाला शब्द देणार नाही."

"कोनाजवळ आहे?"

"ज्याच्याजवळ आहे तो द्यायला तयार आहे. पण त्याने नाव सांगू नका म्हटलं, आणि मी हो म्हटलं."

व्यापारी माणूस. त्यांनी डोळे बारीक केले. "कितीले?"

"काहीच नको म्हणतो."

प्रभाकररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मेघाने त्यांना टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. डोकं पार पांढरं झालेलं.

"कधीपासून आहे त्याच्याजवळ?"

हे सांगायला कुणी मनाई केली नव्हती. "दोन हजार सालापासून. एक वर्षही सोडलं नाही."

मंदाबाईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो घट्ट झाला. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. मेघाने टेबलावरचा पेन उचलून दुसरीकडे ठेवला, कारण तिला कुठेतरी बघायला हवं होतं.

"तो जे लिहे गाठीवर," प्रभाकरराव म्हणाले, "ओलावा, कचरा, ते आता समदे मांगून राह्यले. त्याबिगर सौदा नाई होत. म्या मशीन घेतली मोजाची, दोन साल झाले." त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, फक्त हळू. "हे कोनाले सांगाचं, सांग."

"मले सांगा ना," मंदाबाई म्हणाल्या. "म्या तं इथंच आहो." आणि मग मेघाकडे वळून, "पोरी, तू काही सांगू नको. तुहा शब्द आहे. आमीच समजलो."

प्रभाकररावांनी टोपी परत घातली. "त्याले लिही. म्हना, नाव नाई पाह्यजे. त्याच्याच जवळ राहू दे. बापाची फर्म आहे तं पोराच्या नावावर असन, त्यात काय झालं. मले फक्त वापरू दे. असं होते का तुमच्यात?"

"होते," मेघा म्हणाली. "नाव त्यांच्याच नावावर राहील. ते नाव कुठे न्यायचं, एवढं सांगणारी यंत्रं तुमच्या बाजूने असतील. त्यांनी तिथे फक्त दोन ओळी बदलायच्या."

तिने तसं लिहिलं. प्रभाकररावांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत, मशीनचंसुद्धा. ह्या वेळी त्याच दिवशी उत्तर आलं, पण मेलने नाही. दुकानातला फोन वाजला. पलीकडचा आवाज बारीक आणि घाईचा होता.

"मेघाताई, भूपेंद्र बोलतो. नेमसर्व्हर बदलतो मी. पण तुमचे नेमसर्व्हर कुठले आहेत? दोन वेगळ्या जागी आहेत का? मागे तुमच्याकडचे दोन दिवस बंद होते, मी पाहिलं होतं."

"तुम्ही कसं पाहिलं?"

तो जरा अडखळला. "सिंदी-वर्ध्याकडच्या साईट मी पाहत असतो. अशाच." मग म्हणाला, "बाबांचं काम एकदा जरी अडलं तर ते म्हणतील, पाहा, मी म्हणतच होतो. तेवढं होऊ नये."

मेघाला वासुदेवराव आठवले. "मला पंधरा दिवस द्या," ती म्हणाली.

त्या पंधरा दिवसांत तिने वर्षभर राहून गेलेलं काम केलं. तीन सेवा निवडल्या आणि स्वतःचं एक बिनकामाचं नाव तिन्हीकडे आळीपाळीने ठेवून पाहिलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी किती वेळात उत्तर येतं ते वहीत लिहिलं. वर्ध्याहून झटपट येणारं उत्तर दुसरीकडून कसं येतं ते बघायला पुण्यात शिकणाऱ्या धाकट्या भावाला, नागसेनला, रोज फोन करून टाइप करायला लावलं. एक नोंद बदलली तर ती दिसायला किती तास लागतात, सगळ्या नोंदी फाईलमध्ये उतरवून घेता येतात का, म्हणजे उद्या तिथून निघायची वेळ आली तर हात बांधलेले राहणार नाहीत, दोन्ही नेमसर्व्हर खरोखर दोन गावांत आहेत की मागच्यासारखी एकाच मशीनला दोन नावं, हेही तपासलं. आणि तिघांनाही एकच साधा प्रश्न लिहून पाठवला.

सगळ्यात देखण्या पानाच्या सेवेने तीन दिवस उत्तर दिलं नाही. दुसरीने छापील उत्तर दिलं, ज्यात तिच्या प्रश्नाचा उल्लेखच नव्हता. तिसरीचं पान जुनाट, रंग उडाल्यासारखं. पण तिकडून चार तासांत एका माणसाने स्वतःचं नाव लिहून उत्तर दिलं, आणि तिने न विचारलेली एक अडचणही सांगितली : मेलची नोंद आधी टाका, दोन दिवस थांबा, मगच नेमसर्व्हर बदला, नाहीतर मधली टपालं हरवतील.

मेघाने तिसरी घेतली. आधी स्वतःच्या दुकानाचं नाव तिथे हलवलं आणि आठवडाभर पाहिलं. मग समुद्रपूरला फोन करून वासुदेवरावांना सांगून त्यांचं हलवलं. ते म्हणाले, "बाई, तुमी कराल ते बरोबरच असंल." मग मनकर्णा कॉटनची पाळी. भूपेंद्रने इचलकरंजीहून दोन ओळी बदलल्या. एक दिवस गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या जागेवरून नाव उत्तर देऊ लागलं.

प्रभाकररावांच्या नावाची मेलची पेटी तयार झाली तेव्हा ते स्वतः आले. पहिली मेल कोइमतूरला पाठवायची ठरली होती. ती पाठवून झाली. ते उठेनात.

"आणखी एक लिहाची," ते म्हणाले. "तुले मालूम आहे कोनाले."

मेघाने बोटं कळांवर ठेवली. प्रभाकररावांनी घसा साफ केला आणि धंद्याची चिठ्ठी सांगावी तसं सांगायला लागले.

"लिही. चिरंजीव भूपेंद्र. यंदा कापूस बरा आहे. ओलावा आठ टक्के येऊन राह्यला. मशीन बरोबर दाखवते का नाई, हे पाहाले आपल्याकडं जानता मानूस नाई." ते थांबले. "तुह्या आईले आता दिसत नाई... नाई, तसं नको लिहू, तो घाबरंल. मोतीबिंदू आहे, असं लिही. संक्रांतीनंतर ऑपरेशन आहे." त्यांनी टोपी सारखी केली. "त्या दिवशी हमालाईसमोर जे झालं, ते म्या नाई कराले पाह्यजे होतं. लिहिलं?"

"लिहिलं."

"मंग पाठव. वाचून नको दाखवू."

त्या संध्याकाळी प्रभाकररावांच्या घरचा फोन वाजला. काय बोलणं झालं ते मेघाला मंदाबाईंकडून कळलं, कारण मंदाबाई दुसऱ्याच दिवशी हरिदासांच्या घरी आल्या. प्रभाकररावांच्या वाड्यावरून ह्या दारी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी आलं होतं. भागीरथाबाईंनी चहा ठेवला. मंदाबाईंनी कप दोन्ही हातांत धरला.

"बापलेक मिनिटभर कोनीच बोलले नाई," त्या म्हणाल्या. "मंग हे म्हनाले, आठ टक्के जास्त आहे का रे? आनि तो तिकडून सांगू लागला. पाऊन घंटा कापसाचंच. म्या म्हनलं, आता मले द्या. त्याचं लगन झालं म्हने, रक्षा नाव आहे तिचं. पोरगी आहे तीन सालाची." त्यांनी डोळे पुसले, मग हसल्या. "दुखऱ्या डोळ्याले पानी चालत नाई म्हनते डाक्टर."

जानेवारीत, संध्याकाळच्या पॅसेंजरसाठी मेघा वर्धा स्टेशनवर उभी होती. बाकावर एक जोडपं बसलं होतं, बाईच्या मांडीवर झोपलेली मुलगी, पायाशी दोन बॅगा. माणूस उठून गाडी किती लेट आहे ते विचारून आला आणि बायकोला सांगू लागला. तो बारीक, घाईचा आवाज मेघाने ओळखला. ती जवळ गेली.

"भूपेंद्रभाऊ?"

तो वळला. आधी गोंधळला, मग चेहरा मोकळा झाला. "मेघाताई. सायकल सोडली वाटते."

गाडीत ते समोरासमोर बसले. रक्षा बोलकी होती, तिने मेघाला इचलकरंजीचं, यंत्रमागांच्या खडखडाटाचं बरंच सांगितलं. भूपेंद्र खिडकीतून तुरीची शेतं बघत राहिला. सेवाग्राम मागे पडल्यावर तो हळूच म्हणाला, "बाबा कसे दिसतात आता?"

मेघाने विचार केला. "केस पांढरे झाले. आवाज तोच आहे."

तो हसला. "मी काय बोलू त्यांच्याशी, हेच पुण्यापासून ठरवत येऊन राह्यलो."

"ओलावा," रक्षा म्हणाली. "दुसरं काय येतं तुम्हा दोघांना."

गाडी सिंदीला थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं. प्लॅटफॉर्मवर हरिदास मेघाला घ्यायला नेहमीसारखे आले होते, आणि थोडं पुढे प्रभाकरराव उभे होते, धुतलेलं धोतर, नवी टोपी. मंदाबाईंच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्यांनी भूपेंद्रला बघायच्या आधी त्याच्या दंडाला हात लावला आणि तो धरूनच ठेवला.

प्रभाकरराव जागेवरून हलले नाहीत. भूपेंद्र वाकून पाया पडला. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"गाडी लेट होती," ते म्हणाले.

"वीस मिनिटं."

"हो. आमी तवापासून उभे आहो."

मग त्यांनी हरिदासांकडे पाहिलं. दोघं एकमेकांचा आवाज आयुष्यभर फोनवर ऐकत आले होते. प्रभाकररावांनी हात जोडले, हरिदासांनीही जोडले. "हरिदासभाऊ, उद्या घरी या," प्रभाकरराव म्हणाले, "पोरीले आनि बाईले घेऊन. जेवाले."

"येतो," हरिदास म्हणाले.

रक्षा मुलीला खांद्यावर घेऊन बॅग उचलायला वाकली, तेवढ्यात प्रभाकरराव पुढे झाले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. झोपलेलं पोर कसं घ्यायचं ते त्यांना आठवत नव्हतं, रक्षाने त्यांचा एक हात मानेखाली आणला. मुलीने डोळे उघडून टोपीकडे पाहिलं, रडायचं की नाही ते ठरवलं, आणि पुन्हा मान टाकली.

ते तिला घेऊन फार हळू चालू लागले. बाहेर पडायच्या फाटकापाशी ते थांबले आणि मागे वळून सुनेला म्हणाले, "सांभाळून येजो बाई. इथली पायरी तुटलेली आहे."